ड्रमर गेल्यानंतरचा 'द रंब लाइन': शोकाचा अल्बम मानावा का?

साखळीकर: रा रा रायट या अमेरिकन इंडी पॉप बँडचा 'द रंब लाइन' (२००८) हा पहिला पूर्ण अल्बम मी सध्या ऐकत आहे. २००६ मध्ये सिराक्यूज विद्यापीठात हा बँड जमला. जून २००७ मध्ये त्यांचा ड्रमर आणि गीतलेखक जॉन पाइक याचा मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर बुडून मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी नव्या ड्रमरला सोबत घेऊन हा अल्बम आला. शब्दांत मृत्यू वारंवार येतो, चाली मात्र नाचऱ्या आहेत. याला शोकाचा अल्बम म्हणावे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

मडगावची तार: मी तसे म्हणणार नाही, कारण गाणी कधी रचली गेली हे आधी पाहिले पाहिजे. 'डाइंग इज फाइन' आणि 'घोस्ट अंडर रॉक्स' ही गाणी जुलै २००७ च्या ईपीवरच (मोजक्या गाण्यांच्या छोट्या ध्वनिमुद्रिकेवर) आहेत, म्हणजे ती पाइकच्या हयातीत, त्याच्या सहभागाने घडलेली आहेत. 'डाइंग इज फाइन' तर ई. ई. कमिंग्ज यांच्या कवितेवर आधारलेले आहे. मरण्याची जिवंत, नैसर्गिक क्रिया आणि मृत्यू नावाची कोरडी, शास्त्रीय गोष्ट यांत ती कविता फरक करते. विशीतल्या मुलांनी कुतूहलाने हाताळलेला हा विचार अचानक त्यांच्याच अंगावर आला, तरीही त्यांनी ते गाणे वगळले नाही आणि त्याचा वेगही उतरवला नाही. मला या अल्बममधले दुःख शब्दांपेक्षा या निर्णयात अधिक जाणवते.

कांदोळी किनारा: आपला कालक्रम मान्य आहे, परंतु ऐकणाऱ्याला घडलेले ठाऊक असताना तो ते बाजूला कसे ठेवणार? 'सेंट पीटर्स डे फेस्टिव्हल' हेच गाणे घ्या. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारी बंदरात जूनअखेरीस सेंट पीटरचा मोठा उत्सव होतो. आमच्याकडे गोव्यातही २९ जूनला, पावसाळ्यात मासेमारी बंद असताना, होड्या एकत्र बांधून सांगोड सजवतात आणि त्यावर गाणी, नाटुकली होतात. ज्या समुद्रात माणसे जातात त्याच्याच काठी हे फेस्त वाजतगाजत साजरे होते. त्यामुळे या अल्बमच्या नाचऱ्या चाली आणि शोक यांत मला विरोध दिसत नाही.

मडगावची तार: हे पटले. एक गोष्ट मात्र राहिली. इतर अनेक बँड तंतुवाद्ये स्टुडिओत नंतर भरतात. येथे रिबेका झेलर (व्हायोलिन) आणि अलेक्झांड्रा लॉन (चेलो) बँडच्या सदस्य होत्या आणि गाण्यांचा सांगाडाच त्यांच्या वादनावर उभा होता. चर्चच्या पॅरिश शाळेत व्हायोलिन शिकलेल्या आपल्या कोणालाही ते लगेच कळेल. म्हणून ड्रमर बदलूनही मूळ नाद टिकला. उलट २०१२ मध्ये लॉन बाहेर पडल्यावर आलेला 'बीटा लव्ह' (२०१३) सिंथेसायझरकडे वळला. दोन्ही लागोपाठ ऐका, त्यातही आधी चेलोकडे लक्ष द्या.