एकाहत्तरच्या लढाईचं शौर्यपदक आता मागावं का? ग्रामसभेच्या ठरावाआधी मतं हवीत

दूधगंगाकाठ:
कागल तालुक्यातल्या आमच्या गावात एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांच्या इच्छेखातर नाव आणि पलटण लिहीत नाही. डिसेंबर 1971 ला ते पूर्व आघाडीवर होते. समोरच्या बंकरातल्या मशीनगननं त्यांची प्लाटून जमिनीला खिळवून ठेवली होती आणि प्लाटून कमांडर पडले होते. तेव्हा यांनी एलएमजी (हलकी मशीनगन) घेऊन बगलेनं सरकत जाऊन ते बंकर गप्प केलं, आणि मग दोन जखमींना ओढत मागं आणलं. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. त्यांच्याच सेक्शनमधले गडहिंग्लजकडचे एक जवान हयात आहेत, त्यांनी सांगितलं.

छातीवर 'पूर्वी स्टार' हे पूर्व आघाडीचं पदक आणि त्या युद्धाचं संग्राम मेडल आहे. म्हणजे आघाडीवर होते एवढीच नोंद, काय केलं त्याची नाही. शिफारस लिहायची कुणी? पाहणारे साहेब शहीद झाले, कंपनी कमांडर जखमी होऊन हॉस्पिटलात गेले, आणि सोळा तारखेला ढाक्यात शरणागती झाली. जवान स्वतःसाठी कागद लिहीत नसतो.

आता घरचे संरक्षण मंत्रालयाकडं अर्ज करतायत. वीरचक्र (परमवीर आणि महावीर चक्रानंतरचं युद्धातलं शौर्यपदक) द्यावं असा ठराव पुढच्या ग्रामसभेत ठेवायचा विचार आहे. माझं मत ठाम आहे, मागावं. अमेरिकेत पॅरिस डेव्हिस या अधिकाऱ्याला व्हिएतनाममधल्या 1965 च्या लढाईसाठी मेडल ऑफ ऑनर हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक 2023 मध्ये मिळालं. त्यांच्या शिफारशीचे कागदच गहाळ झाले होते. तिथं होतं, मग आपल्या माणसासाठी का नको?

जुना सुभेदार:
दूधगंगाकाठ, हवालदार साहेबांना माझा रामराम सांगा. पण माझा विरोध आहे.

पदक मागायचं नसतं, ते पलटण देते. सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, शिफारस लिहितात, सोबत डोळ्यांनी पाहिलेल्यांचे जबाब लागतात. मग कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा वरवरच्या मुख्यालयांकडं चढतो आणि प्रत्येक पायरीवर चाळला जातो. कुणाला वीरचक्र, कुणाला सेना मेडल, कुणाला काहीच नाही, हे त्या लढाईतल्या बाकीच्यांशी तुलना करून ठरतं. आज ती तुलना कोण करणार? त्या युद्धात परमवीर चक्रं मिळाली चार, त्यातली तीन मरणोत्तर. त्याच आघाडीवर असंच झुंजलेले किती जण होते, हे फौजेत राहिलेल्याला विचारा.

उद्या ठराव करणाऱ्या गावाचा हवालदार वीर आणि ठराव न करणाऱ्या गावाचा नाही, असं झालं तर पदकाची किंमत काय राहील? कोल्हापुरात टेंबलाईवर भरतीला येणाऱ्या पोरांना आपण काय शिकवणार, अर्ज करा म्हणून?

दूधगंगाकाठ:
सुभेदार साहेब, तुम्ही सांगितलेली शिडी बरोबर आहे. पण ज्याचा कागद पहिल्या पायरीवर चढलाच नाही, त्याला 'तुम्ही चाळणीत गळलात' असं कसं म्हणायचं? नाकारलं असतं तर आम्ही गप्प बसलो असतो. इथं कुणी पाहिलंच नाही.

शाहूपुरीतला वकील:
कायद्याची बाजू सांगतो. फौजेतल्या तक्रारी ऐकणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा 2007 चा, काम 2009 पासून, आणि मुंबईत खंडपीठ आहे. अंतिम आदेश झाल्यावर अर्जाला साधारण सहा महिन्यांची मुदत असते. इथं मुळात आदेशच नाही. शिवाय शौर्यपदक हा हक्क म्हणून मागता येत नाही, हीच न्यायालयांची भूमिका राहिली आहे. पदकाचा विचार करताना अन्याय झाला एवढंच दाखवता येतं.

तरी दार पूर्ण बंद आहे असंही नाही. कारगिलमधले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात न्यायाधिकरणानं 2010 मध्ये बटालिक भागातल्या लढाईचा अधिकृत वृत्तांत त्यांच्यावर अन्याय करणारा ठरवला आणि तो दुरुस्त करायला सांगितलं. पदक देण्याचा आदेश तो नव्हता. नोंद खरी करा, एवढाच होता. माझ्या मते तुमची वाट तिथूनच जाते.

रंकाळा 65:
स्पष्ट बोलतो. वीरचक्राला महिना 7,000 रुपये भत्ता आहे आणि वर राज्य सरकारचं अनुदान. घरच्यांना आत्ताच का आठवलं?

दूधगंगाकाठ:
रंकाळा, त्यांची पेन्शन येते, पोरं कमावती आहेत. आणि पैसे मिळाले तरी त्यात वाईट काय? सरकारनंच ठेवलेला मान आहे तो.

शिरोळची लेक:
मी सहसा लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. माझे वडील त्याच युद्धात गेले. आमच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, तिथं घरटी फौजी सापडतो. वडिलांनी शेवटच्या दिवशी काय केलं हे आईला कुणी सांगितलं नाही. तार आली, नंतर ट्रंक आली. त्यांच्यासोबतचं कुणी आमच्यापर्यंत पोचलं नाही.

म्हणून विचारते. तुमच्या हवालदार काकांना साक्षीदार आहे, शिकलेली पोरं आहेत, तुमच्यासारखं लिहिणारं माणूस आहे. माझ्या वडिलांसाठी कोण अर्ज करणार? त्यांचा साक्षीदार कदाचित त्यांच्याच शेजारी पडला असेल. हयात असलेल्यांना अर्जावर पदकं मिळायला लागली तर गेलेल्यांच्या घरांना आणखी एकदा मागं टाकल्यासारखं होईल. काकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण 'वीरचक्र द्या' या ठरावाला मी हात वर केला नसता.

दूधगंगाकाठ:
ताई, यावर काय लिहावं हे मला अजून सुचलेलं नाही. पण काकांना न मिळाल्यानं तुमच्या वडिलांना न्याय मिळतो असंही मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातला टेडी शीन हा अठरा वर्षांचा खलाशी 1942 मध्ये बुडत्या जहाजावरून तोफ डागत राहिला आणि त्यातच गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक 2020 मध्ये मिळालं, तोही आधी नकार पचवून. गेलेल्या माणसासाठीही कुणीतरी दार ठोठावत राहिलं होतं.

इतिहासवाला, राजारामपुरी:
तिकडं चौकशी करायला अपील न्यायाधिकरण आहे, तपासायला दप्तर आहे. आपल्याकडं खरी अडचण दप्तराची आहे. पूर्व कमांडची, म्हणजे पूर्व आघाडी सांभाळणाऱ्या लष्करी मुख्यालयाची, 1971 ची बरीच कागदपत्रं नष्ट केल्याचं 2010 मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं. त्या युद्धात पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ असलेले जनरल जेकब यांनीही सांगितलं होतं, की 1974 मध्ये कमांडची सूत्रं घेतल्यावर त्यांनी कागद मागवले, तर ते फाडून टाकल्याचं उत्तर मिळालं.

पण पलटणीची वॉर डायरी, म्हणजे युद्धातल्या रोजच्या घडामोडींची नोंदवही, वेगळी. ती कमांडच्या दप्तरावर अवलंबून नसते. जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरण काढलं, त्यानुसार वॉर डायऱ्या मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडं जायच्या आहेत, आणि 25 वर्षांहून जुने कागद तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडं. तेव्हा ठरावाची भाषा बदला. पदक मागू नका. त्या तारखांची वॉर डायरी खुली करा, हयात साक्षीदाराचा जबाब अधिकृतपणे नोंदवून घ्या, एवढं मागा. माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाका. आणि गडहिंग्लजच्या त्या जवानांचा जबाब याच महिन्यात कॅमेऱ्यासमोर घ्या, वय कुणासाठी थांबत नाही. शिरोळच्या ताईंनीही वडिलांच्या पलटणीच्या डायरीसाठी अर्ज करावा. मसुदा मी करून देतो.

जुना सुभेदार:
ही भाषा चालेल. डायरी मागण्यात कमीपणा नाही, ती पलटणीचीच आहे. पदकाबद्दल माझं मत बदललेलं नाही. डायरीत निघालं तरी पन्नास वर्षांनी वीरचक्र नको म्हणेन, पलटणीनं बोलावून सन्मान करावा एवढंच. पण गडहिंग्लजचे ते जवान कुठल्या गावचे, मला निरोप पाठवा. जबाब कसा घ्यायचा, तारीख, जागा, कोण कुठं होतं, कुठलं हत्यार कुणाकडं होतं, हे फौजीनं विचारलेलं बरं. मी जाईन.

दूधगंगाकाठ:
निरोप पाठवलाय साहेब. ठरावात राजारामपुरीवाल्यांची भाषा घेतो, पण शेवटी एक ओळ माझी राहील: नोंद सापडली तर पदकाचा विचार व्हावा. ती मी काढणार नाही, त्यावर ग्रामसभेत भांडायला तयार आहे.

शिरोळची लेक:
मसुदा मलाही पाठवा. पलटणीचा नंबर आईच्या पेन्शनच्या कागदावर आहे.