सातव्या दिवसाच्या व्ह्यूजवरून तिसाव्या दिवसाचा आकडा कसा काढायचा?

पीठपेरणी:
यूट्यूबवरच्या मराठी पाककृतींच्या चॅनेलसाठी अंदाज बांधायचाय. ३०० व्हिडिओंचे रोजचे व्ह्यूज हाताशी आहेत. साधं लिनियर रिग्रेशन (आकड्यांमधून सरळ रेषा बसवणं) लावलं की दोन-चार गाजलेले व्हिडिओ रेषा आपल्याकडे ओढतात आणि बाकीच्यांचे अंदाज भलतेच येतात. मोदक-चकलीचं तर गणितच जमत नाही. थेट न्यूरल नेटवर्क लावू का?

लॉगारी:
३०० नोंदींवर न्यूरल नेटवर्क कशाला? आधी सातव्या आणि तिसाव्या दिवसाच्या दोन्ही आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घ्या. साबो आणि ह्युबरमन या संशोधकांनी २००८ मध्ये यूट्यूब आणि डिग (बातम्यांचे दुवे टाकून मतं द्यायची साइट) या दोन्हींवर दाखवलंय की लॉग घेतल्यावर सुरुवातीचे आणि नंतरचे आकडे जवळपास सरळ रेषेत बसतात. म्हणजे सातव्या दिवसाच्या आकड्याला एका गुणकाने गुणायचं, बस्स. डिगवर पहिल्या दोन तासांवरून महिन्याचा अंदाज साधारण १० टक्के चुकीने यायचा. यूट्यूबला तेवढ्यासाठी १० दिवस लागले. बातमी लगेच शिळी होते, व्हिडिओ मात्र सर्चमधून सापडत राहतो. त्यामुळे ७ दिवसांवर फार अचूकतेची आशा धरू नका.

गुणक असा काढा: प्रत्येक व्हिडिओचे ७ दिवसांचे व्ह्यूज भागिले ३० दिवसांचे. या गुणोत्तरांची बेरीज भागिले त्यांच्या वर्गांची बेरीज. समजा गुणोत्तरं ०.५, ०.४ आणि ०.२५ आहेत. बेरीज १.१५, वर्गांची ०.४७२५, गुणक २.४३. उलट भागाकार करून (२, २.५, ४) सरळ सरासरी काढली तर २.८३ येतो, कारण उशिरा चाललेला तिसरा व्हिडिओ तिला वर खेचतो. पहिल्या पद्धतीत टक्केवारीतली चूक कमीत कमी राहते. चॅनेलच्या एकूण व्ह्यूजची बेरीज हवी असेल तर हा गुणक वापरू नका, अंदाज कमी येईल.

तिथीवार:
सणांच्या व्हिडिओंना ३६५ दिवसांचं चक्र लावलंत तर फसाल. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. तब्बल १८ दिवसांचा फरक! इंग्रजी तारखांवर शिकलेलं मॉडेल मोदकांची लाट पार चुकीच्या आठवड्यात दाखवेल. ‘सणाला उरलेले दिवस’ असा स्तंभ करा, प्रत्येक सणाला वेगळा.

अपलोडचा दिवसही त्यातच मोजा. वसुबारसेला टाकलेल्या चकलीचा पहिला आठवडा भाऊबीजेच्या आसपास संपतो. पुढे विचारतंय कोण? तिचा गुणक १ च्या जवळ. तीच चकली तीन आठवडे आधी टाकली तर पहिला आठवडा थंड आणि गुणक भलामोठा. दोघींना एकाच रेषेत कोंबलंत की दोन्ही अंदाज बिघडले. आणि हो, मोदकांच्या आलेखात अंगारकीही तपासा.

पीठपेरणी:
तिथीचं डोक्यातच आलं नव्हतं. रोजचे आकडे ॲनालिटिक्समधून घेतलेत, ते चालतील ना?

कच्चामाल:
चालतील, पण तिथला दिवस अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार बदलतो; आपल्याकडे दुपारी साडेबाराला, तिकडच्या हिवाळ्यात दीडला. उन्हाळ्यात सकाळी ११ ला टाकलेल्या व्हिडिओचा ‘पहिला दिवस’ जेमतेम दीड तासाचा! संध्याकाळी टाकलेल्याशी त्याची तुलना कशी करणार? यापुढे यूट्यूबच्या डेटा एपीआयवरून (प्रोग्रॅमने आकडे मागवायची सोय) तासातासाला आकडा टिपा. तो फक्त त्या क्षणाचा एकूण आकडा देतो, म्हणून साठवणं तुमच्याकडे. एका विनंतीत ५० व्हिडिओ बसतात: ३०० ना तासाला ६ विनंत्या, विनंतीमागे एक युनिट धरून दिवसाला १४४ युनिट. रोजचा कोटा मुळात १०,००० चा असतो.

शॉर्ट्स वेगळे काढा. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू मोजतात, त्यामुळे आधीचे-नंतरचे आकडे एकत्र चालत नाहीत.

चाचणीसाठी व्हिडिओ चिठ्ठ्या टाकून निवडू नका. जुन्यांवर शिकवा, नव्यांवर तपासा. पुढची पायरी म्हणजे सात दिवसांच्या एका बेरजेऐवजी सातही दिवसांचे आकडे वेगवेगळे देणं. चढत जाणारा आणि ओसरणारा व्हिडिओ त्यातून वेगळे पडतात. त्याने लॉगारींच्या गुणकापेक्षा चूक कमी होत नसेल तर गुणकच ठेवा.