मकाकचं सिंग्युलेट: २४सी, २४सी प्राइम, २४डी की २३सी? नक्की कोणती नावं लावायची?

अनुजा_न्यूरो:
नमस्कार, माझ्याकडे ऱ्हीसस मकाक माकडाच्या मेंदूचे निसल (पेशी रंगवायची पद्धत) केलेले कोरोनल सेक्शन्स (कानापासून कानापर्यंतचे उभे काप) आहेत आणि सिंग्युलेटमधल्या (मेंदूच्या अर्धगोलांच्या आतल्या बाजूचा पट्टा) पेशी भागवार मोजायच्यात. पण भाग पाडायला बसले आणि तिथेच घोळ झाला. एका पेपरात कॉर्पस कलोसमच्या (दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा जाड पट्टा) वरचा पुढचा सगळा पट्टा एसीसी (अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स), दुसऱ्यात त्यातलाच मागचा भाग एमसीसी (मिडसिंग्युलेट कॉर्टेक्स), सल्कसमधल्या (मेंदूवरची खाच) एकाच जागेला कोणी २४डी म्हणतं कोणी २३सी, आणि मोटरवाले सीएमए (सिंग्युलेट मोटर एरिया) म्हणून मोकळे होतात. सरळ ब्रोडमानचे नंबर (त्याने कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, भागांना दिलेले आकडे) लावले तर चालणार नाही का? आणि २४ संपून २३ कुठे सुरू होतो हे सेक्शनवर कसं ओळखायचं?

निसलवाला:
नुसत्या ब्रोडमानवर भागणार नाही. १९०९च्या नकाशात पुढे २४, मागे २३, मधला एमसीसी त्याने वेगळा काढलेलाच नाही. तो भाग ब्रेंट व्होग्टच्या कामातून आला. व्होग्ट, रोझीन आणि पंड्या यांचा १९८७चा ऱ्हीससवरचा पेपर आणि व्होग्टचा २००५चा माकडाच्या सिंग्युलेटवरचा, हे दोन समोर ठेवूनच बसा. (ब्रोडमान बर्लिनला ज्यांच्याकडे होता ते ऑस्कर आणि सेसिल फोग्ट वेगळे, त्यांचेही माकडाचे नकाशे आहेत, त्यामुळे संदर्भ देताना काळजी घ्या.)

आता सेक्शनचं बोलू. २४मध्ये कॉर्टेक्सच्या सहा थरांतला चौथा थर नसतो, तिसऱ्याखाली थेट पाचव्याच्या मोठ्या पिरॅमिडल पेशी लागतात. तुम्ही एकेक सेक्शन मागे सरकत गेलात की मध्येच बारीक गोल पेशी दिसायला लागतात, आधी तुरळक, विखुरलेल्या, आणि पुढे त्यांचा सलग पट्टा होतो, तो पट्टा नीट दिसला की तुम्ही २३मध्ये आहात. मधल्या दोन-चार सेक्शन्सवर रेघ कुठे मारायची यावर दोन जाणकारांचंही एकमत होत नाही, म्हणून तिथली जागा संक्रमणाची म्हणून वेगळी नोंदवा, ओढून-ताणून २४ किंवा २३मध्ये कोंबू नका. ए, बी, सी मात्र सोपं आहे, कॉर्पस कलोसमला लागून ए, गायरसच्या (खाचांमधला उंचवटा) पृष्ठभागावर बी, सल्कसच्या खालच्या भिंतीत सी. प्राइम लागला म्हणजे एमसीसीतला. तो प्राइम गाळू नका हो, पुढच्या २४ला अमिग्डालाकडून (भावनांशी संबंधित केंद्र) भरपूर जोडण्या येतात, एमसीसीच्या मागच्या भागात त्या जवळपास नसतात, तिथे पराएटलकडच्या (मेंदूचा वरचा-मागचा भाग) येतात. दोन्ही एकत्र मोजलं तर सगळी मेहनत पाण्यात जाईल.

आणि कलोसमच्या पुढच्या वळणाजवळ कोरोनल काप कॉर्टेक्सला तिरका बसतो, थर उगाच जाड दिसतात, २५ आणि ३२ हे शेजारचे भाग ठरवताना हे डोक्यात असू द्या.

मोटर_कॉर्टेक्स:
२४डी/२३सीचं मी सांगते. सीएमए ही नावं थरांवरून आलेलीच नाहीत, जोडण्यांवरून आली. डम आणि स्ट्रिक यांनी १९९१मध्ये स्पायनल कॉर्डकडे तंतू पाठवणाऱ्या पेशी शोधल्या, सल्कसमध्ये त्यांचे वेगवेगळे गट मिळाले, पुढचा सीएमएआर २४सीमध्ये, मागे खालच्या भिंतीत सीएमएव्ही म्हणजे त्यांच्या हिशेबात २३सी, वरच्या भिंतीत सीएमएडी म्हणजे ६सी. त्याच वर्षी मातेल्ली, लुप्पिनो आणि रिझोलाती यांनी थर बघून मागच्या भागाला २४डी म्हटलं. म्हणजे बराचसा तोच टिश्यू आहे, निकष वेगळे. तुमच्याकडे ट्रेसर (जोडण्या शोधायला टोचतात तो पदार्थ) नाही, नुसतं निसल आहे, मग सीएमए हे नाव तुम्ही लावूच शकत नाही, फार तर "सीएमएच्या जागेजवळ" एवढं म्हणा.

एफएमआरआय_मंडळी:
इमेजिंगवाल्यांचा "डॉर्सल एसीसी" व्होग्टच्या नकाशात बहुतेक वेळा एमसीसीत पडतो, त्यामुळे माणसांवरचे पेपर वाचताना शब्दाकडे नाही, आकृतीकडे बघा. अजून एक, माणसात ३२ हा २४च्या बाहेरून वर चढत जातो, मकाकमध्ये तो कलोसमच्या पुढेच असतो, नंबर तोच म्हणून भाग तोच असं धरू नका.

अनुजा_न्यूरो:
खूप आभार सगळ्यांचे! व्होग्ट २००५ची नावं घेते, प्रत्येक तक्त्याखाली तसं लिहिते, आणि २४डी/२३सीची जागा स्वतंत्र मोजते म्हणजे दोन्हीकडची माणसं आपापल्या हिशेबात धरू शकतील. @निसलवाला, २४बी आणि २४बी प्राइमची सीमा निसलवर धड दिसत नाहीये, शेजारचे सेक्शन्स शिल्लक आहेत, त्यावर एसएमआय-३२ (न्यूरोफिलामेंट, म्हणजे पेशीतले प्रथिनांचे तंतू, दाखवणारी अँटिबॉडी) करून बघू का?

निसलवाला:
हो, जरूर करा. मोठ्या पिरॅमिडल पेशींचे न्यूरोफिलामेंट त्यात उठून दिसतात, तिसरा आणि पाचवा थर दोन्ही बघा. पण निसलच्या लगतचाच सेक्शन घ्या, चार सोडून पाचवा नको.