घर खाली करा! नोटीस, थकलेलं भाडं, संपलेला करार : तुमचे अनुभव लिहा

पेठकरीण
आज सकाळी आमच्या खालच्या मजल्यावरच्या जोडप्याचं सामान टेम्पोत चढत होतं. अकरा महिने संपले, मालकांना करार वाढवायचा नाही. मुलीची शाळा ऐन मध्यावर. बघताना एकदम आमचा नारायण पेठेतला वाडा आठवला.

१९९०च्या आसपासची गोष्ट. दोन खोल्या, चौकात सामाईक नळ. वाडा बिल्डरला द्यायचं मालकांच्या मनात आलं आणि त्यांनी बाबांकडून भाडं घेणंच बंद केलं. सरळ नाही म्हणायचे नाहीत. "बघू हो पुढच्या महिन्यात, कुठे पळून जाताय" असं हसून म्हणायचे. तेव्हा १९४७चा मुंबई भाडे कायदा होता. सहा महिन्यांचं भाडं थकलं आणि नोटीस आल्यावर महिन्याभरात भरलं नाही, की भाडेकरूचं काही खरं नसायचं. बाबांच्या ऑफिसातल्या एका जुन्या कारकुनाने हे त्यांच्या कानावर घातलं. तेव्हापासून बाबा दर महिन्याला मालकांना मनीऑर्डर करायचे. पत्ता कुठला, तर त्याच वाड्याचा, वरचा मजला! पोस्टमन जिना चढायचा, उतरायचा, "घेण्यास नकार" असा शेरा मारून पैसे बाबांना परत. आईने ते सगळे फॉर्म तारखेनुसार सुतळीत ओवून तांदळाच्या डब्यामागे ठेवले होते. पुढे थकबाकीची नोटीस आलीच. वकिलांनी ती माळ टेबलावर ठेवली, एकेक शेरा वाचला आणि म्हणाले, वहिनी, हे फार उत्तम केलंत. थकबाकीचा दावा त्या फॉर्मांपुढे टिकला नाही. शेवटी समझोता होऊन नव्या इमारतीत जागा मिळाली.

मालकांना वाडा पाडायचा होता, त्याबद्दल मला आजही तक्रार नाही. जागा त्यांची होती. पण गोड बोलून समोरच्याला थकबाकीदार ठरवायचं, याचा राग अजून जात नाही. भाडेकरू, मालक, दोघांनीही लिहा.

गिरगावकर_७२
मनीऑर्डर!! आमच्या चाळीत अर्धी चाळ पोस्टात रांगेत असायची पहिल्या आठवड्यात. पोस्टमनला दिवाळीत सगळ्यांकडून फराळ.

सुमन_ठाणे
मी मालकीण आहे, त्या बाजूने लिहिते. पटापट लिहितेय, नातू उठेल.
हे गेल्यानंतर दुसऱ्या फ्लॅटचं भाडं हाच माझा आधार. पेन्शन नाही. भाडेकरू सुशिक्षित, मोठ्या पगाराचे. करार संपल्यावर "मुलीची दहावी होऊ द्या काकू". ठीक, मलाही मुली आहेत. मग मुलाची बारावी. मग भाडंही येईना. फोन केला की "काकू, तुम्हाला पैशांची एवढी काय घाई?" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या औषधांचे पैसे होते ते.
नशिबाने करार नोंदणीकृत होता. भाच्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायला लावला. समन्स गेल्यावर महाशय हलले. किल्ली मिळाली, आत जाऊन बघते तर पंखे नाहीत, गीझर नाही, ट्यूबलाइटच्या पट्ट्यासुद्धा उपटून नेलेल्या. भिंतीला नुसत्या वायरी.

पेठकरीण
सुमनताई, वाचून वाईट वाटलं. मालक म्हटला की श्रीमंत, हे लोकांनी धरूनच ठेवलंय.

चिंगी
ट्यूबलाइटच्या पट्ट्या??? काय मिळालं त्या माणसाला

वकीलबाबू
सुमनताईंनी योग्य मार्ग धरला. इतरांसाठी थोडं लिहितो.
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, लागू ३१ मार्च २००० पासून. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे हल्लीच्या अकरा महिन्यांसारख्या कराराची, मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर कलम २४. अर्ज दिवाणी कोर्टात नाही, सक्षम प्राधिकाऱ्यापुढे. तिथे समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर ताब्याचा हुकूम होतो. मुदतीनंतर राहिल्याबद्दल करारात ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई.
जुन्या पद्धतीच्या भाडेकरूची गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे थकबाकीसाठी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबल्याशिवाय दावाच लावता येत नाही. दाव्याचं समन्स आल्यावरही भाडेकरूने ९० दिवसांत सगळी बाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह कोर्टात भरली तर थकबाकीवरून घर जात नाही. लोक हे दोन प्रकार एकात एक मिसळतात आणि घाबरतात, किंवा नको तेवढे निर्धास्त राहतात.
कराराची नोंदणी कलम ५५ खाली सक्तीची, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ५०० च्या स्टॅम्पवर नुसतं नोटरी करून समाधान मानणाऱ्या मालकांनी हे परत वाचावं.

मी_माझा_ओटा
वकीलसाहेब सेव्ह करून ठेवलं. कुकर झाला की अनुभव लिहिते.

एमपीएससीवाला
पुणे. चार पोरं एका फ्लॅटमधे. मालकाला जास्त भाडं देणारे मिळाले, करार बाकी असताना म्हणे पंधरा दिवसात निघा. आम्ही नाही म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरचा आमच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद. व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी आणि कुलूप, मी स्वत: पाहिलं. परीक्षा तोंडावर आणि आम्ही शेजारच्या हॉटेलातून बादल्या आणतोय. त्या हॉटेलवाल्या अण्णांनी एक शब्द विचारला नाही, नळ मोकळा ठेवला. एका मित्राच्या ओळखीतल्या वकिलांनी पत्र पाठवलं तेव्हा कुलूप निघालं.

वकीलबाबू
त्याच कायद्याचं कलम २९. पाणी, वीज, जिन्याचा दिवा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही. पुढच्या वेळी कुलपाचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

एमपीएससीवाला
फोटो आहे सर. अजून आहे

गिरगावकर_७२
शाब्बास. परीक्षेचं काय झालं रे?

एमपीएससीवाला
मुख्यला बसलोय काका

चिंगी
ऑल द बेस्ट दादा!! 💐

वाळवंटातली_मैना
दुबईहून. इथे मालकाला स्वत: राहायला किंवा विकायला घर हवं असेल तर १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने. आमच्या मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर "दोन महिन्यांत सोडा" पाठवलं. नवरा सामान बांधायला निघाला होता! मी म्हटलं थांब. करार इजारीत (दुबईची सरकारी भाडेकरार नोंदणी) नोंदलेला होता, तो घेऊन शांतपणे बोललो. वर्षभर राहिलो, वेळेत सोडलं, शेवटी त्यांनी खजुराचा डबा दिला. नियम दोघांना माहीत असला की भांडणाला जागाच उरत नाही.
बाय द वे कुणाला इथे अंबाडीची भाजी कुठे मिळते माहितीये का? फार आठवण येतेय.

मी_माझा_ओटा
मैना, आंध्रवाल्यांच्या दुकानात गोंगुरा माग, तीच आपली अंबाडी. कण्या घालून कर.
आता माझा अनुभव. आमच्याकडे खोली आहे मागे. आजोबांच्या वेळचे भाडेकरू, महिना चाळीस रुपये. पालिकेचा करही त्यातून निघत नाही. दिराचं लग्न ठरलं तेव्हा खोली मागितली. नाही म्हणाले. कोर्टात "स्वत:च्या गरजेसाठी" दावा लावला. तिथे दोघांपैकी जास्त हाल कुणाचे होतील तेही बघतात. त्यांच्या घरात म्हाताऱ्या आजी, आमच्याकडे नवं जोडपं. तारखा तारखा. दीर-जाऊ हॉलमध्ये पडदा लावून राहिले, त्यांना बाळ झालं, बाळ शाळेत गेलं. दावा चालूच. आणि त्या आजी रोज अंगणात माझ्या सासूबाईंबरोबर निवडणं निवडत बसायच्या! कोर्टाबद्दल दोघी चकार शब्द काढत नसत. आजी गेल्या तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मला दोन्ही घरांची बाजू दिसते, खरंच सांगते. एवढी वर्षं लावणाऱ्या तारखांचा मात्र संताप येतो.

सुमन_ठाणे
निवडणं निवडत बसायच्या हे वाचून डोळे भरले गं.

मडगावची_आवय
गोंयांत १९६८चा वेगळा कायदा, अर्ज भाडे नियंत्रकाकडे करायचा. माझ्या मावशीच्या मडगावच्या घरातही असंच, जुनं भाडं, दुरुस्ती कोण करणार यावरून वाद. कौलं फुटलेली, मालक म्हणतो भाडं वाढवा मग शाकारतो, भाडेकरू म्हणतो आधी शाकारा. पावसात दोघांचंही नुकसान. भिंत खचली तेव्हा कुठे दोघे एकत्र बसले.

गिरगावकर_७२
दुरुस्तीचं तर बोलूच नका. पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या, नाममात्र भाड्याच्या) इमारतींत हीच रड. मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ, त्यात प्लॅस्टरसुद्धा होत नाही. मग टेकू लागतात, मग धोकादायक इमारतीची नोटीस येते, आणि ती नोटीस मालक काढत नाही, पालिका काढते. आमच्या मजल्यावर तीन टेकू होते. मुलं त्यांना धरून लपंडाव खेळायची, आम्हा मोठ्यांचा जीव टांगणीला.

कोथरूडची_रेवा
विषयाशी थेट संबंध नाही पण मदत हवीये. माझा करार महिनाअखेर संपतोय. मालक परदेशी, फोन उचलत नाहीत. भाडं दर महिन्याला बँकेत जातंय. घर सोडायचंच आहे मला, पण किल्ली कुणाला देऊ? उद्या म्हणतील मुदतीनंतर राहिली, दुप्पट द्या. डिपॉझिटही अडकलंय.

वकीलबाबू
थेट संबंध आहे रेवाताई. आजच लेखी कळवा, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीवर, शिवाय करारातल्या त्यांच्या भारतातल्या पत्त्यावर पोचपावतीसह पत्र. अमुक तारखेला घर रिकामं करते आहे, किल्ली घ्यायला कोण येणार ते कळवा, असं. उत्तर नाही आलं तर त्या तारखेला सोसायटीच्या सचिवांसमोर खोल्यांचे आणि वीजमीटरचे फोटो काढा. ताबा दिल्याचा कागद करून सचिवांची सही घ्या, मालकांना लगेच पाठवा.

पेठकरीण
रेवा, मी कोथरूडातच आहे. सचिव कुरकुरले तर सांग, साक्षीदार म्हणून मी येईन.

कोथरूडची_रेवा
ताई, खरंच? खूप खूप आभार. वकीलसाहेब, पत्र मराठीत लिहिलं तर चालेल ना?

वकीलबाबू
चालेल की. कराराचा नोंदणी क्रमांक, घर सोडण्याची तारीख, डिपॉझिटची रक्कम आणि ते कुठल्या खात्यात हवं, एवढं त्यात असू द्या. रात्री मला दाखवा, पाठवायच्या आधी नजर टाकतो.