मदत हवी आहे: जुना कॅसेट डेक, सूर अर्ध्या स्वराने उतरतो (ठाणे)

नमस्कार मंडळी,

घरात १९८०च्या दशकातला तीन हेडचा जपानी डेक आहे. आत्याच्या घरगुती बैठका आणि शिकवण्यांच्या कॅसेट त्यावर वाजवून संगणकात घ्यायच्या आहेत. घाई आहे, कारण पावसाळी दमटपणाने काही टेपांवर पांढरी बुरशी धरू लागली आहे.

जुना बेल्ट वितळून फ्लायव्हीलला (टेपचा वेग स्थिर ठेवणाऱ्या जड चाकाला) डांबरासारखा चिकटला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा बसवला, हेड साफ करून डीमॅग्नेटाइझ केले (त्यांत साचलेलं चुंबकत्व काढलं). आता टेप गुंतत नाही.

पण आत्या काळी चारमध्ये गायची, आणि हार्मोनियमशी ताडून पाहिलं तर तिचा सा लगेच खालच्या पांढरी पाचवर येतोय. म्हणजे वेगात सहाएक टक्क्यांची घट! शिवाय नुसता तानपुरा चालू असतो तिथे सूर हेलकावतो. द्रुत तानांत ते कळत नाही, आलापीत मात्र ऐकवत नाही.

मोटरच्या मागचा स्क्रू फिरवून पट्टी जुळवू का? की ज्या रेकॉर्डरवर हे भरलं तोच जोरात पळत असेल? तो आता नाही. आवाजही दबका येतो. सगळं डॉल्बी बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) लावून भरलेलं आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात डेक उघडणारं कोणी माहीत आहे का? नाहीतर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड आहेच, पण डेक फार जड आहे.

प्रतिसाद:
ताई, पट्टीवरून मोटर जुळवू नका. आधी ३१५० हर्ट्झची टेस्ट टेप (एकच ठराविक सूर भरलेली कॅसेट) लावा. मोबाइलवरच्या ॲपवर २९७०च्या आसपास आकडा दिसला तर दोष डेकचा, मग स्क्रू फिरवा. ३१५० दिसला तर डेक ठीक आहे. मूळ रेकॉर्डिंगच जास्त वेगात भरलंय, ते संगणकात दुरुस्त होईल.

हेलकाव्यासाठी पिंच रोलर (टेप दाबून पुढे सरकवणारा रबरी रोलर) बघा, रबर कडक आणि चकचकीत झालं असेल तर बदला. मोटरच्या पुलीवर जुन्या बेल्टचा चिकटा राहिला तरी सूर हलतो.

दबक्या आवाजाचं कारण बहुधा ॲझिमथ. हेडचा कोन मूळ रेकॉर्डरशी जुळला नाही की वरचे स्वर जातात, आणि डॉल्बी ते आणखी दाबतं. हेडचा कोन बदलणाऱ्या स्क्रूच्या मूळ जागी खूण करा, डॉल्बी बंद ठेवून तो फिरवत प्रत्येक कॅसेटला तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझण) सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबा, मगच डॉल्बी लावा. बुरशीची टेप साफ केल्याशिवाय डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवरून पुढच्या टेपवर जाते.

मी ऐरोलीत असतो, टेस्ट टेप देऊ शकतो.

धागाकर्ती:
खूप आभार दादा! टेप न्यायला रविवारी सकाळी ऐरोली स्टेशनवर येते. पिंच रोलरचा व्यास मोजून आणू का?