किल्ली आहे म्हणून घरात शिरायचं?

घरमालक भाडेकरूच्या घरात स्वतःच्या किल्लीने शिरले, तर काही जण म्हणतात, "घर त्यांचंच आहे, न सांगता आले तर बिघडलं काय?" हे म्हणणं पटलं नाही. मालकी त्यांची, पण भाडं भरतो तोवर ताबा आपला. अनेक देशांच्या कायद्यांत घरमालकाला आत येण्याआधी किमान २४ तासांची पूर्वसूचना द्यावी लागते. आग लागली किंवा पाइप फुटला तर गोष्ट वेगळी.

मी एकदा अंघोळ करून बाहेर येतोय, तर कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज! मालक दारात. "नळ बघायला आलो." (तो नळ महिनाभर गळत होता, तेव्हा फिरकले नव्हते.) त्याच संध्याकाळी मेसेज टाकला: आज न सांगता आलात, यापुढे आदल्या दिवशी कळवा. तोंडी बोलणं हवेत विरतं, मेसेजवर तारीख-वेळ राहते. आतून कडी लावायची सवय मात्र लागली ती लागलीच.