पत्ता सांगताना अजून तोंडात येणारी, पण जागेवर नसलेली खूण (अनुभव धागा)

जाईजुई
परवा दुपारी किराणा मागवला होता. पोराचा फोन आला, "मॅडम, लोकेशनवर आलोय पण बिल्डिंग सापडंना." मी फोडणीत हिंग टाकता टाकता सांगितलं, "अरे गिरणीसमोर ये, तिथलंच गेट." दोन मिनिटांनी परत फोन. "मॅडम, इथं गिरणी नाय. नखं रंगवायचं दुकान हाय."

मी गॅस बंद करून मटकन खुर्चीत बसले. गिरणी बंद होऊन सात वर्षं झालीत! ती बिल्डिंगसुद्धा राहिली नाही, रिडेव्हलपमेंटला जाऊन बारा बिऱ्हाडांच्या जागी अकरा मजले उभे राहिलेत. रोज जाता-येता बघते मी ते. पण तोंडातून निघते ती गिरणीच.

आमच्या कोथरूडच्या गल्लीत सगळे पत्ते गिरणीपासून सुरू व्हायचे. ओट्यावर डब्यांची रांग, प्रत्येक झाकणात खोचलेली चिठ्ठी, 'गहू बारीक', 'ज्वारीवर ज्वारी', 'भाजणी, जाडसर'. गिरणीवाल्या काकांच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळं पांढरं. मी लहानपणी समजायचे ते खूप म्हातारे आहेत. एकदा दिवाळीत अंघोळ करून नवा शर्ट घालून आले तर ओळखलेच नाहीत, चाळिशीचे होते फक्त.

सासूबाई याच्या वरताण. त्या अजून "नटराजपाशी उतर" म्हणतात. डेक्कनचं नटराज टॉकीज गेलं, मॉल झाला. आणि सासरे होते तेव्हा त्यांना नटराजही मंजूर नव्हतं, ते त्याच जागेला हिंदविजय म्हणायचे. म्हणजे एकाच घरात एका चौकाचे तीन पत्ते.

तुमच्याकडे अशी कुठली खूण आहे? लिहा. आणि हो, आमच्या भागात भाजणी दळून देणारी गिरणी कुणाला माहीत असेल तर तेही. मिक्सरमध्ये होत नाही, करून बघितलंय, खमंगपणाच येत नाही.

कट्टेकरी
नळ स्टॉपला नळ दाखवा, हजार रुपये मिळवा.

लकडीपुलावरून_पायी
पुण्यात दोन पूल या धाग्याचे मानकरी. लकडी पूल, ज्यात लाकूड नाही. आणि नवा पूल, जो १९२३ चा आहे. पाटीवर संभाजी पूल आणि शिवाजी पूल लिहिलंय, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा, तो तुम्हाला बाहेरगावचं समजून आधी चेहरा बघेल मग मीटर.

सुमन_गो
नळाबद्दल आमचे आजोबा सांगायचे की कोथरूड तेव्हा गाव होतं, तिकडून भाजीपाला घेऊन बैलगाड्या यायच्या त्या तिथे थांबायच्या, बैलांना पाणी पाजायचे. खरंखोटं आजोबा जाणे. पण आता मेट्रोतली बाई किती गोड आवाजात सांगते, पुढील स्थानक नळ स्टॉप. नळ नाही, बैल नाही, पण स्टॉप मात्र आता सरकारी झाला. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उगाचच भरून आलं होतं, मुलगा म्हणाला आई तू मेट्रोत रडतेयस का

दादरची_पोर
तुमच्या नळाचं काय घेऊन बसलात. आमच्या काळ्या घोड्यावरून घोडाच गेला होता! एडवर्ड राजाचा पुतळा १९६५ मध्ये तिथून उचलून राणीच्या बागेत नेला, तरी पन्नास वर्षं आम्ही "काळ्या घोड्याला भेटू" म्हणत होतो आणि भेटतही होतो. २०१७ मध्ये बिनस्वाराचा नवा घोडा आणून बसवला तेव्हा कुठे पत्ता खरा झाला. चर्चगेटचं गेट तर इंग्रजांनीच पाडलं किल्ल्याबरोबर, दीडशेच्या वर वर्षं झाली. त्या नावाने रोज लाखो लोक गाडी पकडतात.

ठाणेकर_कायमचे
मुलुंड चेकनाका. जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली. चेक करायला कुणी नाही. आम्ही मात्र अजून चेकनाक्यालाच उतरतो.

कट्टेकरी
ठाणेकर, जकात गेली पण ट्रॅफिक ठेवलं ना तुम्हाला आठवण म्हणून :)

गंजगोलाई
मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. राग नका मानू ताई. मी लातूरचा, २०२१ ते २०२३ पुण्यात डिलिव्हरी केली, कोथरूड, बावधन, वारजे. तुमच्या गिरणीसमोर बहुतेक मी पण उभारलो असेल.

पहिल्या महिन्यात लई वैताग यायचा. पिन पडायची नाल्यावर, आणि फोन केला की काका म्हणायचे "पूर्वी चितळ्यांचा बंगला होता ना, त्याच्या अलीकडं." आवो मी पूर्वी नव्हतोच ना इथं. मला काय दिसणार पूर्वीचं. एकदा पावसात अर्धा तास फिरलो एका सोसायटीसाठी, ऑर्डर थंड झाली म्हणून माझेच पैसे कापले.

चांदणी चौकात तर मॅपला पण कळायचं नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात रात्री तो जुना पूल उडवला, ६०० किलो स्फोटकं लावली होती म्हणे, तरी सगळा पडलाच नाही. नंतर मशिनीनं तोडला. त्याच्यापुढं किती दिवस मॅपवाली बाई मला पुलावरून डावीकडं वळायला लावायची. रोज सकाळी रस्ता नवीन.

मग आम्ही पोरांनी आमच्याच खुणा केल्या. ग्रुपवर टाकायचो. 'पांढऱ्या कुत्र्याची गल्ली' (चावत नाही, पण पाठ सोडत नाही). 'लिफ्ट बंद'. 'पाणी देणाऱ्या आजी', चौथा मजला, डाव्या हाताला. त्या आजी उन्हाळ्यात माठातलं पाणी द्यायच्या, गुळाचा खडा पण. एकदा गेलो तर दार दुसऱ्याच माणसानं उघडलं. विचारलं नाही मी. ग्रुपवर नाव मात्र तेच राहिलं, नवीन पोरं पण त्या बिल्डिंगला 'पाणी देणाऱ्या आजी' म्हणायची, आजी बघितल्या नसतानी.

आता लातूरला मोबाईलचं दुकान टाकलंय. आमच्या गंजगोलाईला, म्हणजे गावातल्या गोल बाजाराला, सोळा रस्ते फुटतात तरी माणूस चुकत नाही बघा.

जाईजुई
गंजगोलाई दादा, राग कसला. मीच ओशाळले वाचून. त्या परवाच्या पोराला पाणीसुद्धा विचारलं नाही मी, हिंग जळत होता.

निवृत्त_पोस्टातले_नव्हे
आमचा वाडा नारायण पेठेत होता, नदीकडे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांचा. आईने मला काखेत आणि देवांचं तबक हातात धरून वर चढावर नेलं एवढंच स्पष्ट आठवतं. पाणी ओसरल्यावर वाडा नव्हता. जोतं आणि एक खांब होता. चिखल इतका की वडिलांची चप्पल त्यात राहिली आणि ते तसेच अनवाणी ओळीने माणसं शोधत फिरले.

पुढे गोखलेनगरकडे पूरग्रस्त वसाहतीत जागा मिळाली. पण नातेवाईकांच्या वह्यांमध्ये पत्ता वाड्याचाच. कोकणातले आमचे एक काका पोस्टकार्डावर वाड्याचा नंबर लिहून पुढे कंसात 'पडलेला' असं लिहायचे. पडलेला वाडा, नारायण पेठ, पुणे २. आणि कार्ड यायचं! पेठेतले पोस्टमन आम्हाला ओळखत होते, ते खोडून पुढे पाठवायचे. दोनतीन वर्षं तरी चाललं हे. त्यातलं एक कार्ड माझ्याकडे आहे, निळ्या शाईतलं. मजकूर काय, तर आंबे पाठवलेत, पेटी फोडताना खिळे जपून काढा, पुढल्या वर्षी लागतील.

सुमन_गो
काका, 'पडलेला वाडा' वाचून काटा आला. आणि खिळे!! आमच्याकडे पण वाकडे खिळे ठोकून सरळ करून डब्यात ठेवायचे.

वैदर्भीय_मुक्काम_पिंपरी
आमच्या नागपुरात पागलखाना चौक आहे. पत्ता सांगायची सोयच नाही. पोरगं विचारते "कुठं येऊ?" आपण म्हणतो "पागलखान्यापाशी". तिकडून बायको ओरडते, त्याले पूर्ण सांगा ना, घराचं नाव सांगा.
इकडं पिंपरीत आलो तर भोसरी नावाचं मेट्रो स्टेशन भोसरीत नव्हतंच, कितीतरी लांब. माझा साळा बिचारा नाव वाचून उतरला न मग रिक्षानं गेला. आता त्याचं नाव नाशिक फाटा केलं, बरं झालं. साळा अजून मलाच बोलते.

अर्धवट_पुणेकर
विद्यापीठ चौकातला पूल. लॉकडाऊनमध्ये पाडला २०२० ला. घरात कोंडून घेतलं तेव्हा पूल होता, बाहेर पडलो तेव्हा नव्हता. बायकोला म्हटलं मी रस्ता चुकलो बहुतेक

रात्रपाळी
शिवाजीनगर स्टँड. २०२० चा जानेवारी, नाशिकहून शेवटच्या गाडीने येत होते. भावाला सांगून ठेवलेलं, साडेअकराला स्टँडवर ये. मेट्रोच्या कामासाठी स्टँड वाकडेवाडीला हलवलाय हे मला माहीत नाही, त्याला माहीत नाही. गाडी भलतीकडेच थांबली. मी वाकडेवाडीत, तो शिवाजीनगरला पत्र्यापाशी. दोघंही फोनवर एकमेकांना "अरे मी स्टँडवरच उभी आहे" "अगं मीपण स्टँडवरच आहे". माझा फोन तीन टक्क्यांवर. शेवटी एका चहावाल्याने फोन घेतला माझ्या हातातून आणि भावाला म्हणाला "दादा, तुमचा स्टँड जुना झाला, नव्यावर या." त्यानंतर चहाचे पैसे घेतले नाहीत त्याने. तो कुठला आहे, आता आहे का, काही माहीत नाही. बाळ उठलं, नंतर लिहिते

खवय्ये_आजोबा
भाजणीचं कुणी विचारलं होतं ना. ज्वारी बाजरी समान, हरभरा डाळ निम्मी, उडीद त्याहून कमी, तांदूळ मूठभर, धने जिरे सढळ. मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजाल तर धने जळतात आणि डाळ कच्ची राहते.

दादरची_पोर
गहू नाही घालत? आमच्याकडे घालतात.

खवय्ये_आजोबा
घालतात काही लोक. थालीपीठ चिवट होतं. ज्याची त्याची आवड.

अर्धवट_पुणेकर
पत्त्याचा धागा होता ना हा? का मी परत रस्ता चुकलो

कट्टेकरी
पूल पाडलाय, वळून या.

ठाणेकर_कायमचे
एक सांगायचं राहिलं. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर मोची बसायचे, गुलमोहराखाली. आधी गुलमोहर तोडला नाल्याच्या कामात, मग ते छत्री लावून बसायला लागले, मग तेही यायचे बंद झाले. माझी मुलगी, वय वर्षं नऊ, रिक्षावाल्याला म्हणते "मोचीकाकांपाशी वळवा." तिने झाड बघितलेलंच नाही. मोचीकाकाही धड आठवत नसतील, तीनची होती. माझ्याच तोंडचं उचललंय. रिक्षावालेही वळवतात.

गंजगोलाई
ते बघा. नवीन पोरांनी आजी बघितल्या नव्हत्या तसंच.

जाईजुई
सगळं आत्ता बसून वाचलं. पडलेला वाडा डोक्यातून जात नाहीये. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, त्या पुराच्या दिवशी लकडी पुलाच्या वरून पाणी जाताना त्यांनी बघितलंय. तीस वर्षं झाली लग्नाला, पहिल्यांदा बोलल्या हे. आता त्यांना लिहितं करते.
खवय्ये आजोबा, प्रमाणाबद्दल आभार, रविवारी भाजते. पण दळायचं कुठे ते कुणीच सांगितलं नाही!

सुमन_गो
अगं आहे की, कर्वे पुतळ्याच्या मागच्या बाजूला. तिथे रॉकेलचं दुकान होतं ना, कॅन घेऊन रांग लागायची बघ, त्याच्या शेजारच्या बोळात.

जाईजुई
कुठलं गं रॉकेलचं दुकान?

सुमन_गो
अगं तेच. समोर पिंपळ होता. गुरुवारी नको जाऊस, लाइट नसते.